पैठणीचा रंग ऑनलाइन फिका दिसतो? फोटो एसआरजीबीत बदला

कॅमेऱ्यात अडोबी आरजीबी (जास्त रंग मावणारी कलर स्पेस, म्हणजे रंगांची मोजपट्टी) निवडून काढलेला पैठणीचा फोटो संगणकावर झकास दिसतो, पण ऑनलाइन टाकला की राणी रंग मळकट होतो. अपलोड करताना बऱ्याचदा प्रोफाइल (रंगांचे आकडे कोणत्या पट्टीने वाचायचे ते सांगणारी चिठ्ठी) गळून पडते आणि तेच आकडे एसआरजीबी (वेबवरची नेहमीची, कमी रंग मावणारी पट्टी) समजून वाचले जातात. म्हणून आधीच बदलून घ्या.

१. फोटोशॉपमध्ये एडिट > कन्व्हर्ट टू प्रोफाइल. (‘असाइन प्रोफाइल’ नको! त्यात आकडे तेच राहून नुसती चिठ्ठी बदलते, म्हणजे रंग बिघडतोच.)
२. डेस्टिनेशन: एसआरजीबी आयईसी६१९६६-२.१. इंटेंट (न मावणाऱ्या रंगांचं काय करायचं ते): रिलेटिव्ह कलरिमेट्रिक. ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनवर टिक.
३. फाइल १६ बिटची असेल तर ८ बिट त्यानंतरच करा.
४. जेपीईजी करताना ‘एम्बेड कलर प्रोफाइल’ सुरू ठेवा.

फुकटातलं गिंपही चालतं: इमेज > कलर मॅनेजमेंट > कन्व्हर्ट टू कलर प्रोफाइल. लाइटरूमवाल्यांनी एक्सपोर्टमध्येच कलर स्पेस एसआरजीबी निवडावी, संपलं काम.

पदरावरच्या पोपटाचा हिरवा मात्र दगा देतो. अडोबी आरजीबीतला भडक हिरवा एसआरजीबीत मावत नाही. पंखातले धागे एकमेकांत मिसळून सपाट पट्टा दिसतो. तसं झालं तर कन्व्हर्ट मागे घ्या, फक्त हिरव्याचं सॅच्युरेशन (भडकपणा) थोडं उतरवा आणि पुन्हा कन्व्हर्ट करा.

हे सगळं कॉपीवरच करा. एसआरजीबीत छाटलेला रंग परत अडोबी आरजीबी केल्याने येत नाही.