पपईची जागा श्रावणातच हेरून ठेवा

पाऊस सरल्यावर पपई लावायचा विचार असेल तर जमीन आत्ताच, भर पावसात बघून घ्या. ऑक्टोबरात कोकणातली कुठलीही जागा चांगलीच दिसते. पण तेव्हा लावलेलं झाड फळावर येतं नऊ-दहा महिन्यांनी, म्हणजे थेट पुढच्या आषाढ-श्रावणात. मुळाशी दोन दिवस पाणी तुंबलं तरी पानं पिवळी पडतात, बुंधा जमिनीलगत सडतो आणि लगडलेलं झाड एका वाऱ्यात आडवं होतं.

जरा उघडीप मिळाली की दीड फूट खड्डा काढा. काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि काठीला खूण करून तासाने बघा. पाणी इंचभर तरी उतरलेलं हवं. सकाळचं पाणी संध्याकाळीही तसंच असेल, किंवा खड्ड्यात खालूनच झरत असेल, तर ती जागा सोडा. खणताना मातीही बघा. खालपर्यंत सारखी तांबडी असेल तर उत्तम; राखाडी मातीत गंजासारखे ठिपके दिसले तर तिथे दरवर्षी पाणी मुरून राहतं.

फूटभरावर पहार ठणकली तर खाली कातळ आहे. सुरुंग लावून हापूस जगवतात, पण दोन-तीन वर्षांच्या पपईला तो खर्च परवडत नाही. शिवाय कातळातला खड्डा म्हणजे भोक नसलेली बादली. भाताचा वाफा मुळात पाणी धरायलाच केलेला असतो, तो नकोच. मळ्याच्या कडेचा उताराचा तुकडा किंवा माडाबागेतली भुसभुशीत भाटी, म्हणजे रेताड जमीन, बघा.

खाडीलगत मात्र पावसाळ्यातली परीक्षा फसवते, कारण खार धुऊन गेलेला असतो. तिथल्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ लागत असेल तर पपईच्या भानगडीत पडू नका.

जांभ्याची माती आम्लधर्मी असते, पपईला सामू (मातीची आम्लता दाखवणारा आकडा, pH) सहा ते सातच्या दरम्यान मानवतो. खत घालण्याआधी आठ-दहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करा, सावलीत सुकवा आणि त्यातली अर्धा किलो तपासणीला द्या. खताच्या रिकाम्या गोणीत भरू नका, सगळा अहवाल चुकतो. चुना अहवाल बघूनच टाका, शेजाऱ्याने टाकला म्हणून नको.

निचरा थोडा कमी पडत असेल तर फूट-दीड फूट उंच वरंबे करून त्यावर रोपं लावा आणि चर उताराला नीट मोकळे सोडा.