स्लाइडचे रंग फोटोत खरे यावेत म्हणून

हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने (ऊतक निळं-गुलाबी रंगवणारी रंगद्रव्यं) रंगवलेल्या स्लाइडच्या, मायक्रोस्कोपवरून काढलेल्या फोटोत मोकळी जागा हिरवट दिसते? नवा कॅमेरा घेण्याआधी ऑटो व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा आपोआप करतो ती रंगदुरुस्ती) बंद करून बघा. समोर सगळंच गुलाबी असलं की कॅमेऱ्याला तो प्रकाशाचा दोष वाटतो आणि तो गुलाबी रंगच पुसायला जातो.

आधी दिव्याचा प्रकाश ठरवून घ्या आणि मग दिव्याच्या नॉबला हात लावू नका. हॅलोजन दिवा मंद केला की पिवळा पडतो, म्हणून उजेड कमी-जास्त करायचा तो एक्स्पोजरच्या वेळेने किंवा एनडी फिल्टरने (रंग न बदलता उजेड कमी करणारी काच). आता त्याच स्लाइडवर कव्हरस्लिपखालची (वरच्या पातळ काचेखालची), पण ऊतक नसलेली स्वच्छ जागा शोधा. हिस्टोग्राममध्ये (० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं, असा उजेडाचा आलेख) ती २३०-२४० च्या आसपास हवी. २५५ ला टेकली असेल तर बॅलन्स चुकणारच, एक्स्पोजर आधी कमी करा. मग व्हाइट बॅलन्सचं बटण दाबा. लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे जवळपास सारखे आले की ऑटो एक्स्पोजरही बंद करून ऊतकाकडे वळा. ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडजवळचं भिंग) बदललं तर हे पुन्हा करावं लागतं. कंटाळा करू नका, रोगाचं निदान रंगावरही ठरतं.

मेगापिक्सेलच्या मागे मात्र फार धावू नये. ४०एक्स, ०.६५ एनएच्या (एनए म्हणजे भिंगाची बारकावे टिपण्याची क्षमता) ऑब्जेक्टिव्हला साधारण अर्ध्या मायक्रॉनपेक्षा बारीक तपशील वेगळा दाखवताच येत नाही. जादा पिक्सेलनी फक्त फाइल फुगते. आणि ती फाइल जेपेगऐवजी टिफमध्ये (तपशील न गाळणाऱ्या प्रकारात) ठेवा.