डेव्हलपर आणि ब्लॉगर मीटअप भरवताय? या चुका टाळा

पहिल्या भेटीला साठ जण, चौथ्या भेटीला बारा. नव्या मीटअपची ही घसरण पुण्यात, मुंबईत, नाशकात सगळीकडे दिसते, आणि खापर बहुतेक वेळा 'लोकांना वेळच नसतो' यावर फुटतं. आम्हाला ते पटत नाही. ज्यांना वेळ नसतो ते पहिल्या भेटीलाही येत नाहीत. एकदा येऊन गेलेला माणूस पुन्हा का आला नाही, हे शोधायला हवं. त्याची कारणं बहुधा अगदी किरकोळ आणि दुरुस्त करता येण्याजोगी असतात. पुढची उदाहरणं पुण्याची आहेत, पण थोडाफार फरक सोडला तर कुठेही लागू पडतील.

दिवस आणि जागा

तारीख दर वेळी नव्याने ठरवणं ही पहिली चूक. ग्रुपवर मतदान घेतलं की चार पर्याय येतात, आठवडा जातो आणि शेवटी ठरलेली तारीख निम्म्या लोकांपर्यंत पोचतच नाही. 'महिन्याचा दुसरा शनिवार, सकाळी १०.३०' असं एकदाच ठरवून टाका. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, त्यामुळे बँकांच्या आयटी विभागातली मंडळीही मोकळी असतात. गणेशोत्सवातला शनिवार आणि दिवाळीच्या तोंडावरचा शनिवार मात्र सरळ सोडून द्या. विसर्जनाच्या आसपास मध्य पुण्यात पोचणं हाच एक कार्यक्रम असतो.

हिंजवडीत फुकट हॉल मिळाला म्हणून मंगळवारी संध्याकाळी सात वाजता भेट ठेवली, तर तिथे हिंजवडीत नोकरी करणारेच येतील. खराडी-मगरपट्ट्याचा माणूस त्या वेळेत शहर ओलांडणार नाही. मेट्रोच्या मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकावर मिळतात. तिथून किंवा शिवाजीनगर, गरवारे कॉलेज, नळ स्टॉप या स्थानकांपासून दहा मिनिटांत चालत पोचता येईल अशी जागा शोधा. ती लहान असली तरी चालेल. कॉलेजमधल्या मुलांकडे गाडी नसते आणि मीटअपला खरी गरज त्यांचीच असते.

गेटवर अडकलेला माणूस

कंपनीच्या ऑफिसात भेट असेल तर सगळ्यात जास्त नुकसान गेटवर होतं. शनिवारी ड्यूटीवर वेगळा गार्ड असतो. त्याला कार्यक्रमाची कल्पना नसते, यादी एचआरच्या ईमेलमध्ये असते आणि यजमान कर्मचाऱ्याचा फोन चौथ्या मजल्यावर सायलेंटवर असतो. ओळखीचे लोक कुणाला तरी फोन लावून आत येतात. पहिल्यांदा आलेली मुलगी वीस मिनिटं उभी राहते आणि परत जाते. ती गेल्याचं कुणाला कळतही नाही.

यावरचे उपाय साधे आहेत. नावांची यादी छापून शुक्रवारी संध्याकाळीच गार्डच्या टेबलावर ठेवा, आणि शनिवारी ड्यूटीवर कोण आहे ते विचारून घ्या. नोंदणीच्या वेळी ओळखपत्रावर आहे तसंच नाव मागा. यादीत टोपणनाव आणि आधार कार्डावर पूर्ण नाव असलं की गार्ड अडवतो, आणि त्याच्या जागी ते बरोबरच असतं. लॅपटॉपचा सिरियल नंबर रजिस्टरमध्ये लिहावा लागत असेल तर लोकांना आधी सांगा. तो सहसा तळाला बारीक अक्षरांत असतो आणि एकेकाला तीन-चार मिनिटं लागतात. चाळीस लोकांची रांग म्हणजे किती वेळ, ते तुम्हीच मोजा. सकाळी १० ते ११ एक आयोजक गेटवरच उभा हवा. त्याने सुरुवातीचं भाषण ऐकलं नाही तरी चालेल.

आदल्या दिवशी जाणारा निरोप साधारण असा असावा: 'उद्या शनिवार, सकाळी १०.३०. गेट क्रमांक २ मधून आत या, १ बंद असतं. दुचाकी तळघरात, चारचाकीला जागा नाही. सरकारी ओळखपत्र बरोबर असू द्या. चौथा मजला, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर डावीकडे. अडलात तर या नंबरवर फोन करा. येणं जमत नसेल तर खालच्या लिंकवर नाव रद्द करा.' शेवटच्या ओळीमुळे नाश्त्याचा हिशोबही बराच नीट लागतो. फुकट कार्यक्रमाला नोंदणी केलेल्यांपैकी निम्मे ते दोन-तृतीयांश येतील असं धरा. साठ नावं असतील तर चाळीस प्लेट पोहे सांगा.

शनिवारी ऑफिसचा मध्यवर्ती एसी बंद असतो का, हेही आधी विचारून घ्या. काचेची इमारत, उघडत नसलेल्या खिडक्या आणि एप्रिल महिना असेल तर तासाभरात कुणाचं लक्ष लागत नाही, मग वक्ता कितीही चांगला असो.

वर्कशॉपमध्ये वाय-फाय का कोसळतं

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण हाताने कोड लिहून शिकण्याच्या कार्यक्रमांचा पहिला तास इथेच वाया जातो.

आधी गणित करा. चाळीस लॅपटॉप, प्रत्येकी ५०० एमबी डाउनलोड म्हणजे २० जीबी. १०० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी २७ मिनिटं लागतात, आणि भरलेल्या हॉलमध्ये ती पूर्ण वेगाने कधीच चालत नाही. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. त्यात लोक मदत म्हणून आपापले हॉटस्पॉट सुरू करतात, गोंधळ आणखी वाढतो आणि सगळ्यांचंच नेट मंदावतं. हॉटस्पॉट बंद ठेवायला सांगा आणि ज्यांना जमेल त्यांनी ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क घ्यावं.

वाय-फायला जोडलं जातं पण नेट चालत नाही, अशी तक्रार फक्त उशिरा आलेल्यांची असेल, तर बहुधा राउटरकडचे आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला मिळणारे क्रमांक) संपलेले असतात. प्रत्येकाचा एक फोन आणि एक लॅपटॉप धरला तर पन्नास लोकांना शंभर पत्ते लागतात. काही घरगुती राउटर तेवढेच वाटतात, आणि एकदा दिलेला पत्ता चोवीस तास परत घेत नाहीत. राउटरच्या सेटिंगमध्ये पत्त्यांची संख्या वाढवा आणि मुदत एक तासावर आणा.

ऑफिसच्या पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कचं दुखणं वेगळं असतं. तिथे अनेकदा २२ नंबरचं पोर्ट बंद असतं, म्हणून एसएसएच या जोडणीवरून गिट क्लोन, म्हणजे कोडची प्रत उतरवणं, होत नाही. पत्ता एचटीटीपीएसचा दिला की काम होतं. अशा नेटवर्कवर एका लॅपटॉपला दुसरा दिसत नाही, हीसुद्धा सुरक्षेसाठी मुद्दाम केलेली सोय असते. त्यामुळे 'माझ्या लॅपटॉपवर सर्व्हर चालू आहे, सगळ्यांनी त्याला जोडा' हा बेत फसतो. तसं काही करायचं असेल तर स्वतःचा राउटर न्या. त्याला इंटरनेट नसलं तरी चालतं.

एक चूक फार थोड्यांच्या लक्षात येते. हॉलमधले सगळे लॅपटॉप बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. लॉगिन न करता गिटहब या कोड साठवण्याच्या साइटच्या एपीआयला (प्रोग्रामने माहिती मागायच्या सोयीला) एका पत्त्यावरून तासाला ६० विनंत्या करता येतात. प्रत्येकाने दोन-दोन केल्या की तीस जणांतच मर्यादा संपते. एकतिसाव्याला ४०३, म्हणजे 'परवानगी नाही' असा एरर दिसतो, आणि तो बिचारा स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. प्रत्येकाने आपलं टोकन (गिटहबला ओळख पटवणारी किल्ली) घरूनच तयार करून आणावं, ही सूचना निरोपात असली पाहिजे.

डाउनलोडवरचा खात्रीचा उपाय पेनड्राइव्ह. ३२ जीबीचे पाच-सहा पेनड्राइव्ह भरून आणा आणि ते एक्स-फॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. पायथनची पॅकेजेस (तयार कोडचे संच) एका मशीनवर उतरवून सगळ्यांना वाटता येतील असं समजू नका. विंडोज, इंटेलचा मॅक आणि अॅपलच्या चिपचा मॅक यांना अनेक पॅकेजेसच्या वेगवेगळ्या फाइल लागतात. तिन्हींचे तीन फोल्डर करा आणि प्रत्येक फोल्डर त्या-त्या मशीनवर नेट बंद करून एकदा चालवून पाहा.

विजेकडेही लक्ष असू द्या. ६ अँपियरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला १,३८० वॉटपर्यंत भार चालतो. ६५ वॉटचे पंधरा चार्जर म्हणजे ९७५ वॉट, इथपर्यंत ठीक. त्याच बोर्डावर कुणी चहाची इलेक्ट्रिक किटली लावली की एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारं बटण) पडू शकतो. एका एक्सटेन्शन बोर्डात दुसरा बोर्ड खोचून साखळी करू नका, आणि जाण्यायेण्याच्या वाटेवरच्या वायरी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा.

प्रोजेक्टरवर काही दिसत नाही

काळ्या पार्श्वभूमीवरचा बारीक कोड उजेड असलेल्या खोलीत तिसऱ्या रांगेनंतर वाचता येत नाही. पांढरी पार्श्वभूमी ठेवा, अक्षर किमान २४ पॉइंटचं घ्या, आणि वक्त्याने सर्वात मागच्या खुर्चीत बसून स्वतः वाचून पाहावं. यूएसबी-सीवरून एचडीएमआयला जाणारा अडॅप्टर आयोजकांच्या पिशवीत कायम असावा. जुन्या कॉलेजांत व्हीजीएची वायर लागते, तोही अडॅप्टर ठेवा.

मराठी स्लाइड्स दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडल्या की फॉन्ट बदलतो, ओळी सरकतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेल्या असतील तर पडद्यावर निव्वळ चिन्हांची गर्दी दिसते. पीडीएफ करून आणायला सांगा, मग प्रश्नच उरत नाही.

तीसपेक्षा जास्त लोक असतील तर माइक घ्या. प्रेक्षकांतून आलेला प्रश्न वक्त्याने आधी मोठ्याने परत सांगावा आणि मगच उत्तर द्यावं. नाहीतर मागच्यांना आणि रेकॉर्डिंग पाहणाऱ्यांना फक्त उत्तरं ऐकू येतात.

दीपप्रज्वलन, हार-तुरे आणि ओळखी

ब्लॉगर मेळाव्यांत ही चूक सर्रास होते. प्रमुख पाहुणे, स्वागत, सत्कार, प्रास्ताविक, मग पाहुण्यांचं मनोगत. अडीच तासांच्या कार्यक्रमात पाऊण तास असाच जातो, आणि जे ब्लॉगर एकमेकांना भेटायला आलेले असतात ते मुकाट्याने समोर बघत बसतात. सत्कार हवाच असेल तर चहाच्या वेळी दोन मिनिटांत उरका.

'सगळ्यांनी आपापली ओळख करून द्या' हेही तसंच. चाळीस लोक, प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे चाळीस मिनिटं. त्यातली चार नावंही नंतर आठवत नाहीत. तिघातिघांचे गट करा आणि सात मिनिटं द्या. हा गट जुन्यांनी आपापसात करायचा नाही, एवढी एकच अट ठेवा. आमच्या मते मीटअप टिकवण्यात या सात मिनिटांचा वाटा कुठल्याही नामवंत वक्त्यापेक्षा मोठा आहे. बोलण्याजोगा एक माणूस भेटला तर नवखा पुढच्या महिन्यात त्या माणसासाठी येतो.

चहा शेवटी ठेवू नका, मध्ये ठेवा. शेवटी ठेवला की लोक कप हातात घेऊनच लिफ्टकडे वळतात. मध्यावर वीस मिनिटं ठेवली तर गप्पा होतात, आणि अर्धवट राहिलेल्या गप्पा पुऱ्या करायला लोक शेवटपर्यंत थांबतात.

भाषणांपेक्षा ब्लॉग उघडून तपासणं जास्त उपयोगी पडतं. दोन ब्लॉगरांची परवानगी आधी घ्या, त्यांची पानं पडद्यावर लावा आणि प्रत्येकाला वीस मिनिटं द्या. मुखपृष्ठावरचा ४ एमबीचा फोटो, मोबाइलवर बारीक दिसणारी अक्षरं, लेखाचा लांबलचक पत्ता असं बरंच काही हाती लागतं. देवनागरी पत्ता कॉपी केला की एकेका अक्षरचिन्हाची नऊ रोमन चिन्हं होतात. काना, वेलांटी वेगळी मोजली जातात, म्हणून 'मराठी' या शब्दाची ४५ होतात. वर्डप्रेस पत्त्याचा मथळ्यातून बनणारा भाग २०० चिन्हांवर कापतं, म्हणजे साधारण बाविसाव्या अक्षरचिन्हाला. मथळा लांब असला की पत्ता मध्येच तुटलेला का दिसतो, हे अनेक मराठी ब्लॉगरांना अशा बैठकीत पहिल्यांदा कळतं.

वक्ते मिळत नाहीत

दर महिन्याला पाऊण तासाचं भाषण देणारे लोक कुठल्याही गावात लवकरच संपतात. त्याऐवजी पाच-पाच मिनिटांची चार छोटी भाषणं ठेवा. पहिल्यांदा बोलणाऱ्याला पाच मिनिटांचं दडपण येत नाही, आणि त्यातूनच पुढचे वक्ते तयार होतात. २००५ मध्ये अमेरिकेत पालो अल्टोला पहिला बारकॅम्प, म्हणजे आलेले लोकच विषय ठरवतात असा मेळावा, भरला, तेव्हापासूनची पद्धतही कामी येते: सकाळी कोऱ्या फळ्यावर वेळा आणि खोल्या आखायच्या, आणि ज्याला बोलायचं आहे त्याने आपला विषय चिकटवायचा. नोकरभरती किंवा उत्पादनाची जाहिरात करायला आलेल्यांसाठी शेवटची पाच मिनिटं वेगळी ठेवा आणि तसं आधीच सांगा.

पैसे, फोटो, चाव्या

प्रायोजकाकडून रोख रक्कम स्वतःच्या खात्यात घेऊ नका. नाश्त्याचं आणि हॉलचं बिल प्रायोजकालाच थेट भरू द्या. मग पावती कुणाच्या नावाने फाडायची, हा वादच राहत नाही. जमाखर्च दर वेळी ग्रुपवर टाका, रक्कम तीनशे रुपये असली तरी.

नोंदणीत लागेल तेवढीच माहिती मागा, आणि ती प्रायोजकाला देऊ नका. फोटो काढणार असाल तर दारातच तसं सांगा. ज्यांना फोटोत यायचं नाही त्यांना वेगळ्या रंगाची गळपट्टी द्या, म्हणजे फोटो काढणाऱ्याला लांबूनही कळतं. कुणी त्रास दिला तर कुणाकडे जायचं, त्या दोघांची नावं सुरुवातीलाच सांगा. त्यातली एक बाई असावी.

ग्रुपचं खातं, डोमेन आणि व्हिडिओ चॅनेल एकाच माणसाच्या ईमेलवर असणं हा शेवटचा धोका. त्या माणसाची बंगळुरूला बदली होते किंवा घरी बाळ येतं, आणि तीन महिन्यांत ग्रुप थंडावतो. सगळीकडे किमान दोन अॅडमिन ठेवा. पासवर्ड दोघांकडे असलेल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये असू द्या, आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख दोघांच्या कॅलेंडरमध्ये महिनाभर आधीची टाकून ठेवा.