हिडकलची सवय घेऊन कारवारला: थंडीच्या तोंडाला खाडीतला गळ

हिडकलच्या काठावर मरळ-कटल्यासाठी गळ टाकणारा माणूस कारवारच्या खाडीवर पहिल्या खेपेला हमखास चुकतो तो वेळेत. धरणाचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं. काळी नदीच्या मुखाशी तेच पाणी सहा तासांत दीड-दोन मीटर चढतं नाहीतर उतरतं, आणि मासा त्याच्या मागं फिरतो. म्हणून खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी घाट, कद्रा असा रस्ता धरण्याआधी कॅलेंडरवरचा रविवार नको, तिथी बघा.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमी म्हणजे पाच गुणिले पाऊण, पावणेचार. एकदा पहाटे, एकदा दुपारी. कारवारला पाणी मुंबईच्या आधी भरतं, त्यामुळं इथं आणखी अर्धा-पाऊण तास वजा धरा आणि नेमकी वेळ बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावर ताडून घ्या. ही वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढं सरकते. पुनव-अवसेच्या उधाणाला ओढ इतकी असते की शिसं तळाला ठरत नाही. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे चढउतार सगळ्यात कमी असतो तेव्हा, पाणी सुस्त, आमिष जागचं हलत नाही. नवख्यानं मधली चतुर्थी ते षष्ठी निवडावी. उजाडताना आणि मावळताना, दोन्ही वेळा ओहोटी चालू असलेली मिळते. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो नि सहाच्या सुमारास बुडतो, म्हणजे मुक्काम आदल्या रात्रीचाच हवा. अणशी घाट पहाटेच्या अंधारात घाईनं उतरायचा रस्ता नव्हे.

नोव्हेंबर-डिसेंबरात बेळगावात स्वेटर निघतात, पण कारवारचं समुद्राचं पाणी 27-28 अंशांच्या आसपासच राहतं. थंडीनं मासा सुस्तावतो हा घाटावरचा समज इथं सोडून द्या. बदल वेगळे असतात. पावसाळी गढूळपणा खाली बसतो, नदीचं गोडं पाणी कमी होऊन खारटपणा आत सरकतो. वाराही वेळापत्रक पाळतो: रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई, पाणी काचेसारखं, अकरा-बाराच्या पुढं समुद्रावरून खारा वारा, आणि हलकं आमिष तोंडावर परत. किनाऱ्यावरची पुळण सकाळी करा, दुपारी खाडीच्या आडोशाला जा. मात्र याच महिन्यांत अरबी समुद्रात वादळंही होतात. 2017 चं ओखी नोव्हेंबरअखेरीचंच. निघण्याआधी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचायचाच.

नितळ पाण्याचा अर्थ बारीक दोरी. पावसाळ्यानंतर लगेच जाड लीडर, म्हणजे गळाजवळ जोडलेला दोरीचा वेगळा तुकडा, खपून जातो, डिसेंबरात नाही. अपवाद जिताड्याचा, ज्याला कारवारकडं चणक म्हणतात. त्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते. 20 पौंडांची ब्रेड (विणलेली दोरी), पुढं हातभर 30 ते 40 पौंडांचा फ्लुरोकार्बनचा (पाण्यात कमी दिसणाऱ्या दोरीचा) लीडर, याखाली उतरलात तर मासा दिसेल, हातात येणार नाही. रॉड 8 ते 9 फुटी, 10 ते 30 ग्रॅम फेकणारा. रील 4000 मापाचं.

जिताडा शोधायचा तो कांदळातून निघणाऱ्या लहान ओहळाच्या तोंडाशी, ओहोटीच्या पहिल्या दोन-तीन तासांत. झाडीत शिरलेली कोळंबी आणि बोयची पिल्लं पाण्याबरोबर बाहेर ओढली जातात आणि तो तोंडाशी टपून असतो. म्हणून आमिष ओहळातून बाहेर वाहत आलं पाहिजे, प्रवाहाच्या उलट ओढलेलं त्याला पटत नाही. जिवंत कोळंबी सगळ्यात खात्रीची. तिच्या डोक्यावर करवतीसारखं शिंग असतं, त्याच्या बुडाशी कवचाआड काळपट ठिपका दिसतो. गळ त्या ठिपक्याच्या पुढून, शिंगाच्या मुळातून आडवा काढा, 1/0 मापाचा पुरतो. ठिपक्याला टोक लागलं की कोळंबी तिथंच मरते. बादलीत खाडीचंच पाणी, बॅटरीचा हवापंप आणि सावली. नळाचं पाणी ओतलंत तर दहा मिनिटांत सगळी पांढरी पडलेली दिसेल.

मुडदुशी या वाळूकाठच्या लहान माशाचं गणित उलट: वाळूचा किनारा, चढतं पाणी, 6 ते 8 पौंडांची मोनो (साधी एकेरी नायलॉन दोरी), बारीक गळ, 20 ग्रॅमचं सरकतं शिसं, नखाएवढा कोळंबीचा तुकडा. नवखे जीव खाऊन लांब फेकतात. मासा बहुतेक वेळा पहिली लाट फुटते तिथल्या घळीत, वीस-पंचवीस पावलांवर असतो. माजाळीच्या बाजूला सकाळी उभं राहून आधी नुसती लाट बघा; जिथं ती फुटायची थांबते आणि पाणी जरा गडद दिसतं, तिथं घळ.

जागांबद्दल थोडं सांगायलाच हवं. काळीवरचा जुना पूल 2024 च्या ऑगस्टमध्ये कोसळला; पुलाखाली गळ टाकायचा मोह टाळा. अर्ग्याच्या बाजूला नौदलाचा तळ आहे, तिकडं रॉड घेऊन फिरायचंच नाही. बैतकोलच्या मासेमारी बंदरात होड्या आणि जाळी आधी, आपण नंतर. मुखाजवळच्या वाळूच्या दांड्यावर उभं राहिलात तर समोर बघू नका, मागं बघा: भरती आधी मागची खोलगट जागा भरते, आणि कोरडा वाटलेला माणूस बेटावर उरतो. खडकांवर कालवं असतात, चप्पल घालून चढाल तर पाय कापेल, बूट हवेत.

उथळ पाण्यात पाय उचलू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत दबलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच निसटतं. शिंगाळा गळाला लागला तर हातानं धरू नका. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा, तिन्ही विषारी. टोचलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात तास-दीड तास ठेवायचा आणि काटा आत तुटला असेल तर सरळ दवाखाना. चहाच्या थर्मासबरोबर गरम पाण्याचाही एक थर्मास घ्यावा तो यासाठी.

गोड्या पाण्यावर वर्षानुवर्षं टिकलेलं रील खाऱ्या पाण्यात दोन फेऱ्यांत कुरकुरतं. सगळ्यात आधी जाते ती दोरी फिरते तिथली छोटी चकती. मुक्कामावरच ड्रॅग (रीलचा दोरी सोडणारा ब्रेक) घट्ट करून रील हलक्या गोड्या पाण्याखाली धरा, जोराची धार मारली तर मीठ आतच ढकललं जातं. पुसून ड्रॅग सैल करा, चकतीला तेलाचा एक थेंब द्या.

मासा घरी न्यायचा असेल तर पाण्याबाहेर येताच कल्ल्याखाली चिरून रक्त जाऊ द्या, पोट साफ करा. किलोभर माशाला किलोभर बर्फ, तोही फोडलेला, खाली-वर दोन्हीकडं. थर्माकोलच्या पेटीला तळाशी भोक ठेवून लोंढ्यापाशी एकदा पाणी काढून टाका. वितळलेल्या पाण्यात बुडून आलेली मुडदुशी बेळगावात पोचेपर्यंत मऊ पडते.