वर्गात देशाचं अर्थकारण खेळायचं असेल तर असं खेळा

महागाई वाढली की रिझर्व्ह बँक रेपो रेट (ती बाकीच्या बँकांना कर्ज देते त्याचा व्याजदर) वाढवते, हे वाक्य पोरं पाठ करतात आणि पेपरात लिहूनही येतात, पण रेट वाढला म्हणजे नेमकं कुणाच्या खिशातनं काय गेलं असं विचारलं की सगळा वर्ग गप्प. म्हणून मी हा भाग खेळूनच घेतो. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत शिकवणाऱ्यांनी हा खेळ एकदा तरी घेऊन बघावा असं मला मनापासून वाटतं, त्यासाठी कॉम्प्युटर लागत नाही, फळा, खडू, चिठ्ठ्या आणि दोन-तीन किलो चिंचोके बास.

चाळीस पोरं असली तर सहा टेबलं करा. अर्थ मंत्रालय, रिझर्व्ह बँक, शेतकरी, कारखानदार, मजूर-पगारदारांची घरं आणि आयात-निर्यातवाले व्यापारी. मंत्रालय आणि बँक सोडून बाकी चौघांना पन्नास-पन्नास चिंचोके द्या. मंत्रालय आणि बँक ही दोन टेबलं मात्र लांब लांब बसवा. पहिल्या वेळी मी दोन्ही कामं एकाच गटाला दिली होती, त्यांनी रेट पाडला आणि वर सगळ्यांना पैसेही वाटले, दोन फेऱ्या वर्गात नुसत्या टाळ्या आणि तिसऱ्या फेरीला फळ्यावर महागाई ११ वर, मग कुणाला काही सुचेना. वाटणारा आणि रेट ठरवणारा वेगळा का असावा लागतो ते त्या दिवशी पोरांना न सांगता कळलं, पण तास गेला तो गेलाच.

बँकेच्या टेबलावर सहाच जण ठेवा. रेपो रेट ठरवणाऱ्या खऱ्या पतधोरण समितीत २०१६ पासून सहाच सदस्य आहेत, मतं तीन-तीन अशी फुटली की गव्हर्नरचं मत निर्णायक. त्यांचं लक्ष्य ४ टक्के महागाई, २ ते ६ च्या आत चालतं. खऱ्यात सलग तीन तिमाही महागाई या पट्ट्याबाहेर राहिली तर बँकेला सरकारला कारणं लिहून कळवावी लागतात, आपण खेळात दोन फेऱ्या धरायच्या आणि ते पत्र बँकेच्या पोरांनी उभं राहून वर्गासमोर वाचायचं. पत्र लिहिताना जी कुजबूज चालते ती ऐकण्यासारखी असते.

फळ्यावर चार आकडे मोठ्या अक्षरात लिहा: वाढ (देशाच्या उत्पन्नाची) ६ टक्के, महागाई ६ टक्के, तूट (सरकारचा मिळकतीपेक्षा जास्तीचा खर्च, देशाच्या उत्पन्नाच्या तुलनेत) ४ टक्के, डॉलरची गंगाजळी (देशाकडचा परकीय चलनाचा साठा) १० महिन्यांच्या आयातीएवढी. तुटीच्या ३ वर लाल खडूनं रेघ मारा, २००३ च्या वित्तीय जबाबदारी कायद्यानं केंद्राला ३ टक्क्यांचंच लक्ष्य घालून दिलेलं, तेही सांगून टाका. प्रत्येक शब्दाशेजारी कन्नड शब्द पण लिहा बरं का, महागाई म्हणजे हणदुब्बर, कर म्हणजे तेरिगे, निर्यात म्हणजे रफ्तु, पोरं पुढं पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेली की हेच शब्द कानावर पडणारेत आणि तिथं मराठी शब्द कुणी सांगणार नाही.

एक फेरी म्हणजे एक वर्ष. फेरी संपली की चारही टेबलांना वाढीच्या दुप्पट चिंचोके मिळतात आणि महागाईएवढे परत द्यायचे, फक्त मजुरांच्या घरांनी महागाईच्या दुप्पट परत द्यायचे कारण त्यांची मजुरी भावाबरोबर पळत नाही. म्हणजे सुरवातीला वाढ ६, महागाई ६ असताना बाकीच्यांना सहा उरतात आणि मजुरांच्या टेबलावर शून्य. हे गणित पोरांकडनंच करून घ्या. मंत्रालयानं कुणाला दहा दिले की तूट अर्ध्या टक्क्यानं वाढते आणि पुढच्या फेरीत महागाईही अर्ध्या टक्क्यानं वाढते, दहा करात घेतले की तूट अर्ध्या टक्क्यानं कमी. हे आकडे खेळापुरते आहेत, देशात असं सरळ पाढ्यासारखं होत नाही, हे पोरांना आधीच स्पष्ट सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेट अर्धा टक्का वाढवला की शेतकरी आणि कारखानदारांनी त्याच फेरीत तीन-तीन चिंचोके व्याज भरायचं, पण महागाई एक टक्क्यानं आणि वाढ अर्ध्या टक्क्यानं कमी होणार ती पुढच्या फेरीत, आत्ता नाही. रेट कमी केला तर याच्या उलट. घाईत असलेले शिक्षक हा उशीर काढून टाकतात, फळ्यावरचा आकडा लगेच बदलला की बरं वाटतं ना. तसं करू नका. दुखणं आज आणि गुण वर्षानं, यातच सगळं धोरण आहे. आमच्या पोरांना ते पटकन समजतं कारण घरी आडसाली ऊस असतो, जुलै-ऑगस्टात लावलेला, तोडायला सोळा-अठरा महिने. २०२२ च्या मे महिन्याच्या सुरवातीला रेपो रेट ४ टक्के होता आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ वर गेला, एका दमात नाही, टप्प्याटप्प्यानं, तो का तसा नेला हे या नियमावरनंच समजावता येतं.

दर फेरीला एक चिठ्ठी उचलायची. पाऊस कमी: शेतकऱ्यांचे निम्मे चिंचोके गेले, महागाई लगेच २ नं वर. कच्चं तेल महाग: गंगाजळी दोन महिन्यांनी कमी, महागाई १ नं वर. निवडणुकीचं वर्ष: मंत्रालयाला या फेरीत कर वाढवता येणार नाही. आणि साखरेची चिठ्ठी, ही आमच्याकडं पाहिजेच. सरकारनं १ जून २०२२ पासून साखरेच्या निर्यातीवर मर्यादा घातलेली, तसंच इथं मंत्रालयाला निर्यात थांबवायची परवानगी मिळते, थांबवली तर महागाई अर्ध्या टक्क्यानं लगेच कमी, व्यापारी आणि कारखानदार आठ-आठ चिंचोके भरणार आणि शेतकऱ्यांना त्या फेरीचं उत्पन्न मिळणार नाही.

गेल्या खेपेला हीच चिठ्ठी निघाली. मंत्रालयानं निर्यात थांबवली, मजुरांच्या टेबलावरनं टाळ्या. शेतकऱ्यांच्या टेबलावर एक पोरगी बसलेली, घरचा ऊस कारखान्याला जातो, ती उठली आणि थेट कारखानदारांच्या टेबलाजवळ जाऊन हात पुढं करून म्हणाली, आमचं बिल? चौदा दिवसांत द्यायचं असतंय. कायद्यात तेच आहे, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात. कारखानदार पोरांनी समोर उरलेले अकरा चिंचोके मोजले, मग मंत्रालयाकडं बोट दाखवलं. मी मधे पडलो नाही, तुम्हीही पडू नका, पाच मिनिटं भांडू द्या. मंत्रालयानं शेवटी तूट वाढवून शेतकऱ्यांना दहा दिले आणि बँकेची पोरं कपाळाला हात लावून बसली कारण पुढच्या फेरीची महागाई त्यांच्या अंगावर येणार.

चार फेऱ्या दोन जोडतासांत होतात. वेळ मिळाला तर दुसऱ्या दिवशी १९९१ चं परकीय चलनाचं संकट खेळा, गंगाजळी दहा महिन्यांऐवजी जेमतेम दोन-तीन आठवड्यांची ठेवून सुरू करा. मंत्रालय आणि बँकेला सोनं गहाण टाकायचा पर्याय द्या, त्या जुलैत जवळपास ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं गहाण होतं, १ आणि ३ जुलैला दोनदा रुपयाचं अवमूल्यन झालं (डॉलरच्या तुलनेत त्याची किंमत मुद्दाम उतरवली) आणि २४ जुलैला मनमोहन सिंगांनी बजेट मांडलं. पण हे सगळं पोरांनी आपला निर्णय घेतल्यावरच सांगा. पेरणीच्या तोंडावर पाटल्या गहाण पडलेल्या ज्यांनी घरी बघितल्यात ती पोरं या फेरीत फार जपून बोलतात.

शेवटची दहा मिनिटं लिहायला ठेवा. प्रत्येक टेबलानं पाच ओळी लिहायच्या, कोणत्या निर्णयाची झळ आम्हाला लागली आणि त्यातनं फायदा कुणाचा झाला, आणि तो कागद ज्यांचा फायदा झाला त्याच टेबलाला नेऊन द्यायचा. कागद गोळा करून जपून ठेवा, पुढच्या खेळाला पोरांना दुसऱ्या टेबलावर बसवायचं आणि बसताना तोच कागद त्यांच्या हातात द्यायचा.