ऑर्गन स्कॉलर व्हायचंय? आधी या चुका टाळा

जून उजाडला की पुण्या-मुंबईहून मेल यायला लागतात. "मुलगा आठवी ग्रेड पियानो आहे, केंब्रिजला ऑर्गन स्कॉलरशिप मिळाली तर फी किती माफ होईल?"

फी माफ होत नाही. हे एकदा फळ्यावर लिहून टाकतो. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेज चॅपलमधली, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनाघरातली, ऑर्गन किंवा कोरल (क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात गाण्याची) स्कॉलरशिप म्हणजे वर्षाला काहीशे पौंडांचं मानधन, गाण्याचे किंवा ऑर्गनचे धडे, सणासुदीला कॉलेजात जेवण, आणि त्या बदल्यात जवळजवळ नोकरी. परदेशी विद्यार्थ्याची फी हजारो पौंडांत असते, तिला या रकमेने ओरखडाही जात नाही. आपल्याकडे 'स्कॉलरशिप' म्हटलं की पैसे डोळ्यांसमोर येतात. इथे ज्याच्यावर आठवड्याच्या प्रार्थनांची जबाबदारी आहे त्याला स्कॉलर म्हणतात.

दुसरा गैरसमज: संगीत हाच विषय घ्यावा लागतो. नाही. ब्रिटनचे पुढे पंतप्रधान झालेले एडवर्ड हीथ ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजात ऑर्गन स्कॉलर होते आणि शिकत होते तत्त्वज्ञान, राजकारण आणि अर्थशास्त्र. पण विषयाच्या प्रवेशात पडलात तर बाखसारखा ऑर्गनचा थोर रचनाकारही वाचवू शकत नाही. आणि १५ ऑक्टोबर ही प्रवेशअर्जाची तारीख पाठ करून निवांत बसू नका. ऑर्गनच्या चाचण्या साधारण सप्टेंबरात होतात, त्यांचा अर्ज त्याआधी जातो. उशीर झाला म्हणून रडणारे दरवर्षी भेटतात. मी आता सांत्वन करणं सोडलंय.

आता माझी लाडकी चूक. लाडकी, कारण ती मी स्वतः केली.

मी नगरचा. आमच्या चर्चमध्ये आई 'उपासना संगीत' हे भजनांचं पुस्तक हातात धरून गायची आणि मी पेटीवर साथ करायचो. कान चांगला होता. एकदा ऐकलं की बोटांत यायचं. पुढे पुण्यात पियानो शिकलो, तिथेही बाईंनी वाजवून दाखवलेलं मी घरी जाऊन वाजवायचो आणि नोटेशन शोभेला समोर ठेवायचो. इंग्लंडात पहिल्या चाचणीला गेलो तेव्हा तयार केलेला बाख झकास गेला. मग समोर एक न पाहिलेलं पान आलं. दोन हातांना दोन ओळी, पायांना तिसरी, कारण ऑर्गनला पायांनीही स्वर वाजवतात. दुसऱ्या ओळीत डाव्या हाताचा एक स्वर चुकला. मी थांबलो, 'सॉरी' म्हणालो, तो स्वर सुधारला आणि पुढे गेलो. परत थांबलो. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा मागे उभ्या असलेल्या परीक्षकांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "एव्हाना क्वायर कुठवर पोचला असेल?"

त्या वर्षी निवड झाली नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कॉलेजात झाली.

चुकीचा स्वर कोणालाच फारसा लागत नाही. थांबलेला वादक सगळ्यांना लागतो. समोर वीस-पंचवीस माणसं गात असतात आणि ती तुमच्यासाठी मागे येत नाहीत. माझा उपाय साधा आहे आणि कुठल्याही पुस्तकातला नाही. रोज सकाळी चहाच्या आधी एक न पाहिलेलं पान, मेट्रोनोम निम्म्या गतीला, मागे वळायचं नाही. जमत नसेल तर मधले आवाज गाळायचे, पण खालची ओळ आणि ठोका सोडायचा नाही. पान झालं की बंद. दुसऱ्यांदा वाजवलं की ते साइट रीडिंग उरत नाही.

पेटीवाल्यांना इथे एक जादा अडचण असते. त्यांचा डावा हात वर्षानुवर्षं भाता मारत आलेला असतो, त्याला सुरांची सवयच नसते. नाट्यसंगीतातला पायाने भाता मारायचा ऑर्गन वाजवला असेल तर दोन्ही हात मोकळे असतात, पण पाय पुन्हा वाऱ्यात अडकलेले. पाइप ऑर्गनला वारा यंत्र पुरवतं आणि पायांनी स्वर वाजवायचे असतात. निदान सहा महिने डावा हात आणि पाय एवढंच वाजवा. कंटाळवाणं आहे. व्हिडिओत पडद्यावर रंगीत पट्ट्या पडताना बघून बोटं टाकणाऱ्यांना तर ते फारच कंटाळवाणं वाटतं. त्यांनी कृपा करून मला मेल करू नये.

दुसरी मोठी चूक साध्या भजनात होते. लोक अवघड तुकडे घासतात आणि चार ओळींचं हिम, म्हणजे चर्चमधलं भजन, न बघताच चाचणीला जातात, 'ते काय, सोपंच आहे' म्हणून. पियानोचा स्वर आपोआप विरतो. ऑर्गनचा स्वर बोट उचलेपर्यंत तसाच उभा राहतो. ओळीच्या शेवटी वादकाने हात उचलले नाहीत तर गाणाऱ्यांना श्वास घ्यायला जागाच नसते. शिवाय श्वास दर ओळीला एकाच जागी येत नाही: एका कडव्यात स्वल्पविराम मध्येच असतो, तर दुसऱ्यात अर्थ एका ओळीतून पुढच्या ओळीत ओघळतो. म्हणून प्रत्येक कडवं मोठ्याने गात वाजवा. आईची कसोटी हीच होती. ती गाता गाता माझ्याकडे बघायची, आणि तिला दम लागला की घरी गेल्यावर मला ऐकून घ्यावं लागायचं.

क्वायरच्या आवाजाची वाट पाहत वाजवणं ही याच चुकीची धाकटी बहीण. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ऑर्गन चॅपलच्या मधोमध, कोरीव लाकडी आडभिंतीवर बसवलेला आहे. अशा उंच जागी बसून ऐकू येईल तसं वाजवायला गेलात की मागे पडलात. आरशात किंवा स्क्रीनवर दिसणारा, क्वायर चालवणाऱ्याचा हात बघून वाजवायचं, कान थोडा वेळ बाजूला ठेवायचे.

गाणाऱ्यांसाठी थोडक्यात. "माझी पट्टी काळी चार" हे तिथे चालत नाही. नोटेशनमध्ये आहे तोच षड्ज. सरगम पक्की असेल तर नोटेशन गाणं लवकर येतं, हा आपला खरा फायदा, तो वापरा. हरकती आणि मुरक्या घरी ठेवा, कारण शेजारच्या आवाजात मिसळता येतं का, हेच पाहतात. आवाज दाखवायला ऑपेरातलं भारी गाणं निवडू नका. पियानोवर तीन स्वर एकदम वाजवून मधला गायला सांगतात, त्याची तयारी कोणीच करत नाही. घरी कोणाला तरी पेटीवर बसवा.

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या लायकीच्या आहेत. मोजे घालून पेडल वाजवू नका, पातळ तळव्याचे बूट घ्या. सगळे स्टॉप (नळ्यांचे वेगवेगळे संच चालू करणाऱ्या खुंट्या) ओढले म्हणजे वादन भव्य होत नाही. श्रद्धेचा दाखला बहुतेक ठिकाणी मागत नाहीत, पण प्रार्थनेच्या वेळी फोन बघाल तर पस्तावाल. काही कॉलेजांत संगीताचा स्वतंत्र संचालक असतो, तर काही ठिकाणी एकोणीस वर्षांचा ऑर्गन स्कॉलरच क्वायर चालवतो, तेव्हा अर्ज करण्याआधी विचारा. किंग्जमध्ये गाणार असाल तर नाताळसाठी भारताचं तिकीट काढू नका: १९१८ पासूनची त्यांची कॅरोलची प्रार्थना २४ डिसेंबरला असते.

आणि पेन्सिल. नेहमी खिशात पेन्सिल. इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत वाटलेली आहेत. १५ तारखेच्या संध्याकाळच्या वाट्याला ७८ वं येतं, सत्तरहून जास्त वचनांचं. चाल दुहेरी असेल तर ती दोन वचनांना मिळून एकदा येते, आणि वचनं विषम उरली की शेवटचं वचन चालीच्या फक्त दुसऱ्या अर्ध्यावर गातात. हे पानावर खुणेने लिहून ठेवायचं असतं. माझ्या पहिल्याच टर्ममध्ये मी ते लिहिलं नव्हतं, कारण मला त्या स्तोत्रातल्या गारा आणि विजांच्या वचनांना कुठले स्टॉप काढायचे याचाच उत्साह होता. गारा उत्तम पडल्या. त्यानंतर एका वचनाला क्वायर चालीच्या दुसऱ्या अर्ध्यात शिरला आणि मी पूर्ण आत्मविश्वासाने पहिला अर्धा सुरू केला.