मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जायच्या आधी: गेमिंग पीसीची यादी

पार्टची यादी घरीच पक्की करा. दुकानात उभं राहून ठरवायला गेलात, तर त्यांच्याकडे शिल्लक असलेलंच तुमच्या गळ्यात पडतं.

सुरुवात सॉकेटपासून, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेपासून. भाच्यासाठी मी एएमडीचा रायझन ५ ७६०० प्रोसेसर निवडला. त्याचं सॉकेट एएम५, म्हणून मदरबोर्ड त्याला चालणाऱ्या बी६५० चिपसेटचा. एएम५ वर रॅम फक्त डीडीआर५ चालते. जुन्या पीसीतली डीडीआर४ त्यात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. जोर लावू नका. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटच्या बोर्डांत डोळे उघडे ठेवा: काही मॉडेल डीडीआर४ घेतात, काही डीडीआर५, आणि नावं जवळजवळ सारखी. प्रोसेसरच्या नावामागे 'एफ' असेल तर आत ग्राफिक्स नसतं. ७६०० मध्ये ते आहे, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाचे पैसे नंतर जमले तरी मशीन आजच चालू होतं.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज देणारा पॉवर सप्लाय. माझा सगळ्यात जास्त आग्रह इथेच असतो. कॅबिनेटसोबत फुकट मिळतो तो घेऊ नका. हिशोब सोपा आहे: आरटीएक्स ५०६० कार्ड १४५ वॅट खातं, ७६०० पूर्ण जोरात ८८ वॅटपर्यंत जातो, बाकी सगळं मिळून पन्नासेक. बेरीज तीनशेच्या आत, तरी एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते, कारण गेम चालू असताना कार्ड क्षणभर बरंच जास्त ओढतं. नावाजलेल्या कंपनीचा ५५० किंवा ६५० घ्या. डब्यावरचं '८० प्लस' फक्त वीज किती वाया जाते ते सांगतं; शॉर्ट सर्किट, जादा व्होल्टेज यांपासून संरक्षण आहे का, ते वेगळं वाचा. मॉड्युलर, म्हणजे वायरी काढता-घालता येणारा असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या वायरी त्याला कधीच लावू नका. प्लग बसतो, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि पार्ट जळतात.

कॅबिनेटच्या माहितीत दोन मापं बघा: आत मावणाऱ्या कार्डाची लांबी आणि प्रोसेसरच्या कूलरची उंची. पुढे पंखे लावले की लांबीतली जागा कमी होते, ती वजा करा. ७६०० सोबत येणारा कूलर बुटका आहे, त्याची काळजी नको.

रॅमच्या दोन काड्या एकाच पाकिटातल्या घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा, मग बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्स्पो चालू करा, म्हणजे रॅम पाकिटावरच्या वेगाने चालते. बिलावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीसाठी तो लागतो.